नकाशातील कोरी जागा

गेल्या श्रावणात जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातील एका दोन-शिक्षकी शाळेस भेट देण्याचा योग आला. इयत्ता ५ वीच्या मुलांनी गावाचा नकाशा काढून भिंतीवर लावला होता. काम नेटके होते. ओढा निळा, शेते हिरवी, घरे तांबडी, रस्ता काळा. देऊळ, शाळा, पाण्याची टाकी यांच्या खुणा जागच्या जागी. दिशादर्शक बाणही चुकला नव्हता. परंतु नकाशाचा उत्तरेकडील सुमारे तिसरा हिस्सा कोराच सोडलेला होता. "येथे काय आहे?" असे विचारता एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, "काही नाही, गुरुजी. माळ आहे."

त्या मुलीस मी दोष देत नाही. वर्गावर शिकवीत असता मीही कित्येक वर्षे मुलांकडून हेच वाक्य पाठ करून घेतले : "गावाच्या उत्तरेस पडीक जमीन आहे." आपल्या दप्तरात तो शब्द आहे, आपल्या बोलण्यात तो आहे, आणि पुढे पाहू त्याप्रमाणे तो देशाच्या व जगाच्या नकाशांतही शिरलेला आहे. नकाशावर जेथे 'काही नाही' तेथे काहीही करण्यास मोकळीक मिळते. म्हणून सृष्टीचे नकाशे कसे तयार होतात, ते काय दाखवितात व काय झाकतात, आणि या कामी खेड्यातील शाळेस काय करता येईल, याचा विचार शिक्षकबंधुभगिनींपुढे मांडावयाचा आहे.

प्रथम एका शब्दाचा अर्थ स्पष्ट करून घेऊ. हवा, पाणी व माती आणि त्यांच्या आधाराने जगणाऱ्या वनस्पती, प्राणी व सूक्ष्म जीव यांच्या परस्परव्यवहारातून जो एक संसार उभा राहतो, त्यास परिसंस्था म्हणतात. पाझर तलाव ही परिसंस्था, खाडीकाठचे खारफुटीचे रान ही परिसंस्था, आणि माळ हीही परिसंस्थाच. जगातील अशा परिसंस्थांचा नकाशा काढावयाचा तर तीन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. कोठे काय आहे? जे आहे ते कोणत्या अवस्थेत आहे? आणि त्याचे रक्षण होते आहे काय? या तीन प्रश्नांचे तीन नकाशे होतात. ते एकमेकांत मिसळले की घोटाळा होतो, आणि वर्तमानपत्रांतून व पाठ्यपुस्तकांतून तो वारंवार होताना दिसतो. घर कोठे आहे, घराच्या भिंती शाबूत आहेत का, आणि दाराला कुलूप आहे का, हे तीन प्रश्न आपण एकच समजत नाही. येथेही तसे समजू नये.

पहिल्या प्रश्नाचे एक प्रसिद्ध उत्तर २००१ साली मिळाले. त्या वर्षी शास्त्रज्ञांनी पृथ्वीवरील जमिनीची ८६७ जैव-परिक्षेत्रांत विभागणी करून तिचा नकाशा प्रसिद्ध केला. २०१७ साली तो सुधारला तेव्हा ही संख्या ८४६ झाली. हे काम मोठे व मोलाचे आहे. पण आपल्या दृष्टीने त्यात एक गंमत आहे. आपले दख्खनचे माळ २००१ च्या नकाशावर ज्या परिक्षेत्रात पडतात त्याचे नाव आहे 'दख्खनची काटेरी झुडपी वने'. म्हणजे गवताचे नाव नाही. जणू येथे मुळात वन होते, ते तुटून झुडपे तेवढी उरली! नाव ठेवणाऱ्याने एक शब्द वापरला, आणि त्या शब्दाबरोबर एक समजूत जगभर गेली.

दुसरा प्रश्न अवस्थेचा. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघ ही संस्था १९४८ साली फ्रान्समध्ये फाँतेनब्लो येथे स्थापन झाली आणि १९६४ पासून ती संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींची 'लाल यादी' ठेवीत आहे. एकेका जातीची नोंद ठेवून भागत नाही, संपूर्ण परिसंस्थेचीच प्रकृती तपासली पाहिजे, असे पुढे ठरले व २०१४ साली संघाने परिसंस्थांच्या लाल यादीसाठी कसोट्या मान्य केल्या. परिसंस्थेचे क्षेत्र आकसते आहे काय, ती अगदी थोड्या जागी उरली आहे काय, तिची माती-पाणी बिघडले आहे काय, तिच्यातील जीवांचे परस्परसंबंध मोडले आहेत काय, या चार कसोट्या कोणासही समजण्याजोग्या आहेत. ती नष्ट होण्याचा संभव किती याचे गणित ही पाचवी. या कसोट्यांवर घासता काही परिसंस्था सुरक्षित ठरतात, काही संकटग्रस्त, आणि काही 'कोसळलेल्या'.

कोसळलेल्या परिसंस्थेचे उदाहरण मुलांना दाखविण्यास सोपे आहे. मध्य आशियातील अरल समुद्र हे वास्तविक खाऱ्या पाण्याचे सरोवर. १९६० साली त्याचा विस्तार सुमारे ६८ हजार चौरस किलोमीटर होता; जगातील सरोवरांत त्याचा चौथा क्रमांक लागे. त्यास मिळणाऱ्या अमू दर्या व सिर दर्या या नद्यांचे पाणी कापसाच्या शेतीकडे वळविण्यात आले. सरोवर आटत गेले, १९८०-९० च्या दशकाअखेर त्याचे दोन तुकडे झाले, मासेमारी बुडाली, उघड्या पडलेल्या तळाची खारट धूळ गावांवर उडू लागली. २००५ साली उत्तरेकडील तुकड्यास कोक-अरल येथे बांध घातल्यावर तेथील पाणी चढले व मासे परतले. दक्षिणेकडील भाग मात्र गेला तो गेलाच. शाळेच्या कपाटात जुना पृथ्वीचा गोल असेल तर त्यावर अरल समुद्र अजून पूर्ण निळा दिसेल. नव्या नकाशाशेजारी तो ठेवून मुलांना फक्त पाहू द्यावे, लगेच काही सांगू नये.

तिसरा नकाशा रक्षणाचा. राष्ट्रीय उद्याने, अभयारण्ये व तत्सम राखीव क्षेत्रे मिळून २०२४ साली जगातील जमिनीचा सुमारे १७ टक्के व समुद्राचा सुमारे ८ टक्के भाग संरक्षित गणला जात होता. २०२२ च्या डिसेंबरात माँट्रियल येथे राष्ट्रांनी २०३० पर्यंत दोहोंचाही ३० टक्के भाग संरक्षणाखाली आणण्याचे ठरविले आहे. आकडा मोठा आहे. पण कोणते ३० टक्के? बर्फ, वाळवंट व दुर्गम डोंगर राखणे सोपे असते, कारण तेथे नांगर चालत नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगातील समशीतोष्ण गवताळ प्रदेशांचा सुमारे ४६ टक्के भाग शेती व वस्तीखाली गेल्याचे आणि ५ टक्क्यांहूनही कमी भाग संरक्षित असल्याचे आढळले. गवत जेथे उगवते तेथे धान्यही उगवते, हेच त्याचे दुर्दैव. जंगल तुटले तर ओरड होते. कुरण नांगरले तर ती प्रगती समजली जाते.

आता या नकाशांची माहिती येते कोठून ते पाहू. १९७२ साली अमेरिकेने लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह सोडला. भारताने नियमित कामाचा आपला पहिला दूरसंवेदन उपग्रह १९८८ साली सोडला. उपग्रह जमिनीवरून परावर्तित होणारा प्रकाश टिपतो. लँडसॅट मालिकेतील पुढील उपग्रहांच्या चित्रातील एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद तुकडा. त्या तुकड्यात झाडी किती याचा अंदाज उपग्रह-चित्रावरून चांगला येतो. ती झाडी कशाची, याचा अंदाज तितका सहज येत नाही.

आपल्या देशात १९८१ साली स्थापन झालेली भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था दर दोन वर्षांच्या सुमारास वनांची स्थिती प्रसिद्ध करते. तिच्या व्याख्येप्रमाणे १ हेक्टर वा अधिक जागेवर झाडांच्या छत्राने १० टक्के वा अधिक जमीन झाकली असेल, तर ते वनाच्छादन. जमीन कोणाच्या मालकीची आणि झाडे कोणत्या जातीची, हे तेथे पाहिले जात नाही. २०२३ च्या अहवालाप्रमाणे असे आच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर, म्हणजे देशाच्या भूमीच्या २१.७६ टक्के भरले. मोजणीचा काहीतरी एक नियम लागतोच, व हा नियम उघडपणे सांगितलेला आहे. त्यात लपवाछपवी नाही. चूक आपल्या वाचनात होते. नकाशावर हिरवे दिसले की आपण 'जंगल' म्हणतो; पण ती आमराई असेल, निलगिरीची लागवड असेल, किंवा कोकणातील रबराचा मळाही असेल. आणि जेथे हिरवे नाही तेथे आपण 'उजाड' म्हणतो.

माळाची खरी अडचण येथे आहे. भाद्रपदातील चित्रात तो हिरवा, मार्गशीर्षात पिवळा, चैत्रात मातीच्या रंगाचा. झाडे विरळ म्हणून तो वनात बसत नाही, नांगर नाही म्हणून शेतात बसत नाही. उरलेल्या जमिनीसाठी इंग्रजी अमदानीपासून महसुलाच्या कारभारात एक खाते होतेच : ज्या जमिनीपासून सारा मिळत नाही ती पडीक. २००० साली देशातील पडीक जमिनींची नकाशावही प्रसिद्ध झाली, ती उपग्रहाच्या चित्रांवरूनच. परंतु विभागणी करताना खाती जुनीच राहिली, आणि माळरानांचा मोठा हिस्सा 'पडीक' या सदरात गेला. डोळा नवा, पण वही जुनी, असा हा प्रकार झाला.

याउलट वही नवी केली तर काय होते, याची एक हकीकत मला फार बोधप्रद वाटते. आणि ती शाळांचीच असल्याने जरा विस्ताराने सांगतो.

१९३० साली लंडन येथील भूगोलाचे अध्यापक डडली स्टँप यांनी ब्रिटनच्या भूमि-उपयोगाची पाहणी हाती घेतली. हे गृहस्थ पूर्वी रंगून विद्यापीठात अध्यापक होते. देशातील प्रत्येक शेत व प्रत्येक कुरण पाहून त्याचा आज काय उपयोग होत आहे ते नकाशावर लिहावयाचे, एवढेच काम; पण ते करणार कोण? पैसा नव्हता, नोकर नव्हते. स्टँप यांनी परगण्यांच्या शिक्षणाधिकाऱ्यांना विनंती केली आणि त्यांच्यामार्फत शाळांना. ज्या शाळेचा जो परिसर, त्याचा मैलास सहा इंच प्रमाणाचा नकाशा त्या शाळेस मिळे. शिक्षकांसह मुले रानोमाळ हिंडत आणि प्रत्येक तुकड्यावर एक अक्षर लिहीत. वनास एक अक्षर, कुरणास एक, नांगरटीस एक, बागेस एक. इमारती, खाणी अशा शेतीस निरुपयोगी जागेस एक. बहुतेक काम १९३१ ते १९३४ या काळात उरकले, आणि त्यात सुमारे अडीच लाख मुलांचा हात लागला असे सांगतात. पुढे ही पत्रके एकत्र करून मैलास एक इंच प्रमाणाचे रंगीत नकाशे छापले : नांगरट तपकिरी, कुरण फिके हिरवे, वन गडद हिरवे.

यात एक गोष्ट शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावी. उजाड टेकड्या, झुडपी माळ, गावकीची चराईची राने यांना स्टँप यांनी 'निरुपयोगी'च्या सदरात टाकले नाही. त्यांना स्वतंत्र अक्षर व स्वतंत्र रंग दिला, पिवळा. त्यामुळे ज्या मुलाच्या गावाबाहेर माळ होता त्याला तो चालून पाहावाच लागला. कोरा सोडण्याची सोय नव्हती.

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर धान्य वाढविण्यासाठी कोणती जमीन नांगरता येईल हे ठरविताना हे नकाशे उपयोगी पडले. ज्या नकाशांनी कुरणांची नोंद केली त्यांनीच त्यांच्यावर नांगर धरण्यास मदत केली, असेही म्हणता येईल. नकाशा चाकूसारखा आहे. कोणाच्या हाती पडतो त्यावर त्याचे काम ठरते. परंतु गोष्ट येथे संपत नाही. युद्धानंतर रासायनिक खते आली, पेरलेली गवते आली, आणि नाना रानफुलांनी भरलेली जुनी कुरणे दिसेनाशी होऊ लागली. पूर्वी किती होती? "पुष्कळ होती" यापलीकडे कोणास सांगता आले नसते. १९८७ साली एका अभ्यासकाने १९३० नंतरच्या दशकातील पाहण्या १९८४ पर्यंतच्या पाहण्यांशी ताडून पाहिल्या आणि इंग्लंड-वेल्सच्या सखल भागातील अशी नैसर्गिक कुरणे सुमारे ९७ टक्के नाहीशी झाल्याचे दाखविले. तेथील कुरणरक्षणाच्या चळवळीने हा आकडा पुढे सतत वापरला. शंभरातली तीन उरली हे कळले, ते पूर्वी कोणीतरी शंभर मोजून ठेविली होती म्हणून.

या कामातील एक उणीवही सांगितली पाहिजे. मुलांनी कुरणावर फक्त 'कुरण' एवढे अक्षर लिहिले. त्यात कोणते गवत होते, कोणती फुले होती, हे लिहिण्यास त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यामुळे पुढील अभ्यासकास इतर पाहण्यांची जोड घ्यावी लागली. आपण ही चूक टाळू शकतो.

आता आपल्या माळाकडे येऊ. 'काही नाही' असे ज्यास आपण म्हणतो तेथे काय असते? पवन्या, शेडा, मारवेल, डोंगरी, कुसळी ही गवते; मधूनमधून हिवर, बोर, बाभूळ, तरवड; खोकड, लांडगा, चिंकारा, काळवीट; माळटिटवी, धाविक, चंडोल; आणि दिवाळीनंतर कळप घेऊन फिरणारे मेंढपाळ. गवताचा बराच जीव जमिनीखाली मुळांत असतो. वरचे पान चरले गेले, जळाले, वाळले तरी मुळे जिवंत राहतात, माती धरून ठेवतात आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हा फुटतात. जंगल तोडल्याने उरलेली ही ओसाडी आहे काय? २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पश्चिम महाराष्ट्राच्या संदर्भात हा प्रश्न एका वेगळ्याच साधनाने तपासला गेला. जुने मराठी वाङ्मय, चरित्रे, लोकगीते व दैवतकथा यांत कोणती झाडे व कशी राने वर्णिली आहेत ते पाहिले, आणि त्यांत माळावरच्या झाडांचेच उल्लेख अधिक आढळले. येथील माळ निदान साडेसातशे वर्षे तरी माळच आहेत, असा त्याचा निष्कर्ष. मराठीच्या शिक्षकासही भूगोलात काही काम असते, हे यावरून दिसेल.

देशाच्या नकाशावरही आता ही दुरुस्ती होऊ लागली आहे. एम. डी. मधुसूदन व अबी वनक या अभ्यासकांनी उपग्रहाच्या चित्रांवरून भारतातील निमकोरड्या प्रदेशातील मोकळ्या नैसर्गिक परिसंस्थांचा नकाशा तयार केला. त्यांच्या हिशेबाप्रमाणे अशी राने देशाच्या भूमीच्या सुमारे १० टक्के भरतात, आणि त्यांतील ५ टक्क्यांहून कमी भाग संरक्षित क्षेत्रात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनेही २०२२ साली ठराव करून २०२६ हे वर्ष चराऊ राने व पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले.

केवळ संरक्षणाची रेषा ओढल्याने भागते असेही नाही. माळढोक पक्ष्यासाठी सोलापूर व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या जिल्ह्यांत १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर धरण्यात आले. एवढ्या रेषेच्या आत गावेच्या गावे, बाजारपेठा, उसाचे मळे, रस्ते सारे आले. नकाशावर हे राज्यातील सर्वांत मोठे अभयारण्य. प्रत्यक्षात माळढोकाच्या उपयोगी माळ त्यात तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला, आणि रेषेतील शेतकऱ्यांस जमिनीच्या व्यवहाराची अडचण. २०१२ च्या सुमारास हे क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. माळढोक आज देशात दीडशेहूनही कमी उरला आहे व आपल्या माळावर तर जवळजवळ दिसेनासा झाला आहे. याउलट पुणे जिल्ह्यात सुप्याजवळील मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे. पण तेथे चिंकारा आहे व डोळ्यांनी दिसतो. तिसरा नकाशा पाहून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देऊ नये, असे आरंभी म्हटले ते याचसाठी.

येथे स्वतःची एक चूक सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका शाळेत असता वृक्षारोपणाच्या सप्ताहात मी मुलांस घेऊन गावच्या माळावर पाचशे खड्डे खणविले व गिरिपुष्प आणि सुबाभळीची रोपे लावली. मेंढ्या राखणारे एक वृद्ध गृहस्थ काठीला टेकून बराच वेळ पाहात होते. मग म्हणाले, "गुर्जी, झाडं लावा, न्हाई म्हनत न्हाई, पर गवतानं जावं कुठं?" मी हसून "बाबा, येथे जंगल होईल" असे उत्तर दिले. जंगल झाले नाही. उन्हाळ्यापर्यंत पाचपन्नास रोपे जगली, पुढच्या उन्हाळ्यात तीही गेली. खड्ड्यांच्या उकरलेल्या मातीवर मात्र गाजर-गवत उगवले आणि तेथून पसरले. त्या जागी पूर्वी कोणते गवत होते ते मी कोठे लिहून ठेविले नव्हते, त्यामुळे आपण नेमके काय बिघडविले तेही मला आज सांगता येत नाही. झाडे लावू नयेत, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. ओढ्याकाठी, बांधावर, शाळेच्या आवारात लावावीत. लावण्यापूर्वी त्या जागी काय आहे ते पाहावे.

पाठाची योजना. हा पाठ एका तासाचा नव्हे. वर्षभरात तीन फेऱ्या व त्यांच्यामधील वर्गकाम असा तो योजावा. पहिली फेरी भाद्रपदात, गवत फुलोऱ्यावर असता, दुसरी मार्गशीर्षात, तिसरी चैत्रात, शाळा सकाळची असते तेव्हा. इयत्ता ५ वी ते ७ वीच्या मुलांस हे काम सहज जमते.

गावच्या दप्तरातून गावनकाशाची प्रत मिळवावी. आता ती संगणकावरही मिळते. माळाचा भाग मोठा करून चौकटीच्या कागदावर उतरवून घ्यावा. अंतर मोजण्यास फीत लागत नाही. प्रत्येक मुलाने शाळेच्या पटांगणात वीस पावले चालून आपल्या पावलाची सरासरी लांबी काढावी. येथे गणिताचा पाठ आपोआप होतो. मग दोन-दोन मुलांच्या जोड्या करून माळाचे तुकडे वाटून द्यावेत व प्रत्येक तुकड्यावर अक्षर लिहवून घ्यावे : गवतास 'ग', झुडपांस 'झु', लावलेल्या झाडांस 'ला', शेतास 'शे', पाण्यास 'पा', उघड्या खडकास व मुरमास 'ख', वस्तीस 'व'. मुलांना आणखी अक्षरे सुचतील, ती घ्यावीत. पडीक जमिनीसाठी अक्षर ठेवू नये. एखादे मूल "येथे काहीच नाही" म्हणालेच, तर त्यास त्या जागी पाच मिनिटे बसवून दिसेल ते लिहावयास सांगावे.

अक्षराच्या पुढे जाण्यासाठी चार काठ्या बांधून एक मीटर लांबी-रुंदीची चौकट करावी व ठरलेल्या पाच जागी ती मांडावी. आत किती प्रकारचे गवत आहे, माती उघडी किती, लेंड्या-शेण आहे काय, मुंग्यांची वारुळे आहेत काय, याची नोंद घ्यावी. गवताची एकेक काडी फुलोऱ्यासह जुन्या वर्तमानपत्रात दाबून शाळेत आणावी. नावे आपणांस ठाऊक नसतील. मला अर्धी ठाऊक नव्हती. मेंढपाळांस, गुराख्यांस व गावातील वृद्ध स्त्रियांस शाळेत बोलावून ती विचारावीत. छपरास कोणते वापरीत, दुभत्या जनावरास कोणते घालीत, कोणत्याची कुसळे लोकरीत अडकतात, हे त्या काडी पाहून सांगतील. गावात जे नाव चालते तेच लिहावे, पुस्तकी नावासाठी अडून बसू नये. त्यांच्याकडूनच माळाची पूर्वीची सीमा, आटलेली डबकी, पूर्वी दिसणारे व आता न दिसणारे प्राणी यांची माहिती घेऊन ती वेगळ्या शाईने नकाशात भरावी. पाहिलेले आणि ऐकलेले यांची शाई एक असू नये.

रक्षणाचा तिसरा नकाशाही गावापुरता काढता येतो. गायरान कोणते, वनखात्याची हद्द कोठे, देवाच्या नावाने राखलेले रान कोठे, कोणाच्या खाजगी कुरणात गवताची राखण होते, एवढे दाखवावे. मात्र अतिक्रमणाचा विषय निघाल्यास शिक्षकाने आवरते घ्यावे. मुलांच्या नकाशावर कोणाचेही नाव लिहू देऊ नये. शाळेचा नकाशा तंट्यात पुरावा म्हणून ओढला गेला, तर पुढील वर्षी कोणी पालक मुलास माळावर पाठविणार नाही.

काही सावधगिरी आवश्यक आहे. माळावर दगडाखाली फुरसे असते. दगड उलथण्यास सक्त मनाई करावी आणि पायांत बूट वा चपला असल्याखेरीज कोणास नेऊ नये. चैत्रातील फेरीत टिटवीची व धाविकाची अंडी उघड्या जमिनीवर असतात व ती खड्यांसारखीच दिसतात. म्हणून मुलांनी एकामागून एक, पुढच्याच्या पावलावर पाऊल ठेवून चालावे. पक्षी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागला तर तेथून मागे फिरावे. घरट्यांच्या जागा भिंतीवरील नकाशात दाखवू नयेत.

तिन्ही फेऱ्या झाल्यावर चौकटी मोजून माळाचे एकूण क्षेत्र व त्यातील गवताचा हिस्सा मुलांकडून काढून घ्यावा, आणि मग नकाशा रंगवावा. माळासाठी रंग कोणता घ्यावा हे मुलांनाच ठरवू द्यावे. भाद्रपद, मार्गशीर्ष व चैत्र यांचे तीन वेगळे नकाशे केले तर उत्तमच. नकाशाच्या पाठीमागे तारीख, पाहणी करणाऱ्या मुलांची यादी, चौकटी मांडलेल्या पाच जागांच्या खुणा, आणि माहिती सांगणाऱ्या वृद्धांनी दिलेली गवतांची नावे स्वच्छ अक्षरात लिहावीत. दाबलेल्या काड्या कागदावर शिवून त्यासोबत ठेवाव्यात. गोंदाने चिकटविल्यास झुरळे खातात. सर्व कागद गुंडाळून कपाटात टाकून न देता त्यांची नोंद शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरात करावी, म्हणजे बदली होऊन येणाऱ्या शिक्षकाच्या ते ताब्यात येतील व पाच वर्षांनी त्याच भाद्रपदात, त्याच पाच जागी चौकट पुन्हा मांडता येईल.